हंटिंग टाइपच्या कंपाउंड धनुष्याला रेस्ट कोणता: ब्रशचा, पडणारा की पात्याचा?

खानापूर_रानवाट विचारतात:

नमस्कार मंडळी. धनुष्य कंपाउंड आहे, 'हंटिंग' म्हणून विकतात त्यातलं. ओढीचा जोर 50 ते 60 पाउंड, ड्रॉ (ओढायची लांबी) 28 इंच, उजव्या हाताचं. पॅकेजमध्ये ब्रशचा गोल रेस्ट (बाण टेकवायचा आधार) बसवूनच आलाय. बाण कार्बनचे, 400 स्पाइन (ताठपणाचा आकडा), पुढं 100 ग्रेन वजनाचं टोक, मागं 2 इंची प्लास्टिकची तीन पिसं. वापर शेतातल्या फोमच्या टार्गेटवर, 20 ते 40 मीटर, बांधावरून खाली, उतारावरून वर असा. पुढच्या मोसमात 50 मीटरच्या कंपाउंड स्पर्धेत उतरायचा विचार आहे.

दोन तक्रारी. पिसांच्या कडा चुरगळूलालेत. आणि 40 मीटरवर बाणांचा गट आडवा बरा येतो, उभा मात्र हातभर पसरतो. दुकानदार म्हणतो ड्रॉप-अवे, म्हणजे पडणारा रेस्ट घ्या, सगळं सुटेल.

रेस्ट बदलायचाच का? बदलला तर रेस्टची दोरी केबलला (टोकाच्या चाकांना जोडणारी दोरी) बांधायचा घ्यावा की लिमला (धनुष्याचा वाकणारा बाहू) बांधायचा? इकडं जवळपास बो-प्रेस (धनुष्य दाबून दोरी ढिली करायचं यंत्र) नाही, त्यासाठी उगीच कोल्हापूर-पुणे गाठायला लागू नये. आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच, जून ते सप्टेंबर काही कोरडं राहत नाही.

---

कॅम्प_रेंज_बेळगाव:

रेस्टचं नंतर बोलू. आधी एक गोष्ट, कारण 'हंटिंग' हा शब्द वाचून नवीन पोरं भलतंच समजतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. त्याच कायद्यात 'शस्त्र' कशाला म्हणायचं त्या यादीत धनुष्यबाणाचं नाव चक्क लिहिलेलं आहे, आणि कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. खानापूर तालुक्यात 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. तेव्हा जांबोटी, हेमाडगा बाजूला रान दिसलं म्हणून धनुष्य घेऊन आत शिरू नका, टार्गेट फोमचं असलं तरी. स्वतःच्या शेतात, मागं मातीचा भराव, पलीकडं वाट नाही ना बघून मारा. टोकं साधी फिल्ड पॉइंटची ठेवा, धारेच्या टोकांचं इथं काही काम नाही.

आता रेस्ट. उभा पसारा रेस्टमुळंच येतोय हे दुकानदाराला दुकानात बसून कसं कळलं? बाणांवर 1 ते 6 आकडे घाला आणि कुठला कुठं लागतो ते लिहीत जा. 4 नंबर दरवेळी खालीच जात असेल तर दोष त्या बाणात आहे: नॉक (मागची खाच) सैल, पीस वाकडं, नाहीतर टोकाचं वजन वेगळं. कुठलाही बाण कुठंही जात असेल तर मग क्रमानं डी-लूप (दोरीवरचा ओढायचा फास) सरकलाय का, पीप (दोरीतलं बघायचं भोक) फिरतोय का, दोन्ही कॅमचे (टोकाच्या चाकांचे) स्टॉप एकाच वेळी टेकतात का, हे बघा. वरचा कॅम आधी टेकला आणि खालचा मागं राहिला तर नॉक वर-खाली झोके घेत पुढं जातो आणि 40 मीटरवर नेमका असाच उभा पसारा देतो. त्यावर जगातला कुठलाही रेस्ट उपाय नाही.

---

निपाणी_वेन:

वरचं सगळं खरं, पण ब्रशच्या रेस्टचा स्वतःचाही एक दोष उभ्या पसाऱ्यात निघतो. खालचे काळे ताठ केस बाणाचं वजन पेलतात. हजारभर बाण गेले की ते झिजतात, वाकतात, आणि बाण मूळ जागेपेक्षा खाली बसायला लागतो. बसवल्या दिवशी शेल्फपासून (बाणाखालचा धनुष्याचा कट्टा) बाणाच्या पोटापर्यंतची उंची मोजून ठेवली असेल तर आज पुन्हा मोजा. मिलिमीटरभर फरक म्हणजे केसांची रिंग बदलायची वेळ झाली. कित्येक मॉडेलला नुसती रिंग वेगळी मिळते, अख्खा रेस्ट घ्यायला नको.

दुसरं, बाण वरच्या फटीतून आत दाबताना तो तळापर्यंत जातो का बघा. घाईत अर्धवट केसांवरच अडकून राहतो, दिसायला मधोमध दिसतो, आणि सुटताना खाली बसतो. हा बाण खाली जाणारच. तिसरं, भोकाचा आकार. हे रेस्ट लहान, मध्यम, मोठ्या भोकाचे येतात. तुमचा बाण बारीक आणि भोक मोठं असेल तर बाण आत डुलतो.

पिसं चुरगळण्याचं म्हणाल तर ते या रेस्टचं कायमचं देणं आहे. बाणाची पूर्ण लांबी केसांतून जाते, पिसंही त्यातूनच. लांब मऊ पिसं लवकर लाटा धरतात, 2 इंची ताठ पिसं जास्त टिकतात. पिसं सरळ किंवा अगदी थोड्या पिळाची चिकटवा, जास्त पीळ दिला की केस जास्त घासतात. पिसाच्या पुढच्या टोकाला गोंदाचा एक थेंब घातलाच पाहिजे, नाहीतर तिथूनच सुटतं. सुटी, हलकी लाट आलेली पिसं गरम पाण्याच्या वाफेवर सरळ होतात.

एवढं ऐकूनही, बांधावर चढउतार करत, बाण लावून चालत जायचं असेल तर ब्रशच्या रेस्टसारखा बिनघोर रेस्ट नाही. धनुष्य उलटं केलं तरी बाण पडत नाही. हलणारा भाग नाही, दोरी नाही, टायमिंग नाही. 20-30 मीटरपर्यंत तुमच्या-माझ्या हाताला त्याची चूक दिसणारसुद्धा नाही.

---

कॅम्प_रेंज_बेळगाव:

30 पर्यंत मान्य. 50 ला दिसते. कारण वेग सेकंदाला दोन-चार फूट कमी होतो ते नव्हे, ते साइटवर (नेम धरायच्या पिना) भरून निघतं. खरं कारण असं की बाण शेवटपर्यंत केसांना चिकटून असतो. दोरी सुटल्यावर मनगट पिळलं तर तो पीळ नॉक बाहेर पडेपर्यंत बाणाला लागत राहतो. ड्रॉप-अवेमध्ये रेस्ट मध्येच खाली जातो आणि पुढची तुमची चूक बाणाला कळत नाही.

---

गोकाक_सरळबाण:

केबल की लिम, हा प्रश्न लोक वेगावरून सोडवायला जातात. तो 'बिघडला तर काय होईल' यावरून सोडवावा.

केबलवाल्यात रेस्टची दोरी खाली जाणाऱ्या केबलला बांधलेली असते. धनुष्य ओढलं की केबल खाली सरकते आणि लाँचर (रेस्टचा बाण पेलणारा हलता भाग) वर उचलला जातो. सुटलं की केबल वर जाते, दोरी ढिली पडते, स्प्रिंग लाँचरला खाली पाडते. म्हणजे लाँचरला *वर* धरणारी ती दोरी. ती तुटली किंवा क्लॅम्प घसरला की लाँचर खालीच पडून राहतो, बाण शेल्फवर. तिथं खेळ संपला.

लिमवाल्यात उलटं. दोरी लिमला ताणून बांधलेली, ती लाँचरला *खाली* धरून ठेवते. धनुष्य ओढलं की लिम आत वाकतं, दोरी ढिली होते, स्प्रिंग लाँचरला वर आणते. सुटल्यावर लिम सरळ होतं आणि दोरी लाँचरला खाली खेचते. इथं दोरी तुटली तर लाँचर वरच राहतो. पिसं थोडी आपटतील, आवाज येईल, पण बाण जाईल, तो राउंड तुम्ही कसाबसा पुरा कराल. पावसापाण्यात, चिखलात, प्रेसपासून लांब राहणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे.

शिवाय लिमवाला बसवायला प्रेस लागत नाही. केबलच्या धाग्यांत दोरी ओवायची भानगडच नाही. तो बाणाला जास्त वेळ आधार देतो, कारण लिमची हालचाल शेवटी शेवटी होते, म्हणून ट्यूनिंगही सोपं जातं. तोटा एकच आणि तो खरा आहे: रायझरपासून (धनुष्याचा मधला कडक भाग) लिमपर्यंत एक उघडी दोरी ताणलेली राहते. काजूच्या, करवंदीच्या जाळीतून गेलात तर अडकते.

लॉक होणारे केबलवाले रेस्ट वेगळे. त्यात अंगठ्यानं लाँचर वर उचलून ठेवायचा, बाण चौकटीत बंद राहतो, आणि नेम सोडून धनुष्याची दोरी हळू परत नेली तरी लाँचर खाली पडत नाही. फक्त खरा बाण सुटला तरच पडतो. चालत नेम धरणाऱ्याला हे ब्रशच्या जवळपास नेऊन सोडतात. साध्या केबलवाल्यात मात्र धनुष्याची दोरी हळू सोडली की लाँचर खाली बसतो आणि बाण टणकन शेल्फवर.

---

खानापूर_रानवाट:

आभारी आहे सगळ्यांचा. केसांची उंची मोजली नव्हती पण खालचे केस डोळ्यानंच वाकलेले दिसतात. आता लिमवाला घ्यावा असं वाटतंय. स्पर्धेत चालतो ना? तिथं पात्याचे रेस्ट जास्त दिसतात म्हणून विचारतो. आणि घरच्या घरी बसवायची रीत कुणी नीट सांगेल का?

---

कॅम्प_रेंज_बेळगाव:

चालतो. जागतिक नियमांत कंपाउंडला हलणारा रेस्ट चालतो, फक्त त्यात इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक काही नको आणि बाण टेकण्याची जागा ग्रिपच्या खोलगट भागापासून 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त मागं नको. खरी काळजी पाउंडांची घ्या. मर्यादा 60 पाउंड आहे. 60 चं लिहिलेलं धनुष्य लिमचे बोल्ट पूर्ण आवळल्यावर 61-62 भरताना दिसतं, आणि तपासणीत काट्यावर जे येईल तेच खरं. थोडं ढिलं करून 58 वर ठेवा. दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा, आणि हे रेस्ट ट्यून करायच्या *आधी* करा, कारण पाउंड बदलले की सगळं पुन्हा.

पात्याचा रेस्ट म्हणजे स्प्रिंग स्टीलची एक पट्टी, टोकाला खाच. सपाट मैदानावर, उभं राहून, एकसारखे बाण मारायला त्याला तोड नाही. हलणारा भाग नाही, टायमिंग नाही. पट्टी साधारण 0.008, 0.010, 0.012 इंच जाडीची मिळते. हलक्या बाणाला पातळ, जड बाणाला जाड. पातळ पट्टीवर जड बाण ठेवला की सुटताना ती जास्त दबते आणि उभा पसारा परत हजर. तीन पिसांतलं वेगळ्या रंगाचं वर, खालच्या दोघांच्या मधून पट्टी. पण उतारावर, वाऱ्यात बाण खाचेतून घसरतो, आणि पट्टी वाकण्याच्या जागी थकून चिरते. घ्याल तर एक जादा पट्टी खिशात हवीच. तुमच्या बांधावरच्या वापराला मी देणार नाही.

---

गोकाक_सरळबाण:

बसवायची रीत सांगतो. आधी हत्यारं. अमेरिकन रेस्टचे बहुतेक स्क्रू इंचाच्या मापाचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ॲलन कीचा संच मागितला की मिलिमीटरचाच हातात पडतो, तो बसल्यासारखा वाटतो आणि डोकं गोल करून टाकतो. रेस्टच्या डब्यातली किल्ली जपा, किंवा इंचाचा संच मुद्दाम मागवा. रायझरवरचं भोक 5/16-24 आट्याचं असतं, त्याला 8 मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीनं घालू नका. काही नव्या धनुष्यांना मागं खाच किंवा रेल असते, त्यांचा रेस्ट वेगळा. उजव्या-डाव्या हाताचा फरक डब्यावर वाचून घ्या.

धनुष्य वाइसमध्ये उभं धरा. वाइसच्या जबड्यात जुनी सायकलची ट्यूब घाला, रायझर दाबू नका. रेस्ट लावून बोल्ट हातानं टेकवा. लाँचर *वर* असताना बाण ठेवा. बाजूनं बघितलं तर बाणाची मध्यरेषा रेस्टच्या भोकाच्या मधोमध हवी आणि धनुष्याच्या दोरीशी 90 अंश. नॉक किंचित वर, 1/16 इंच म्हणजे दीड मिलिमीटर, चालतो. रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत अंतर बऱ्याच धनुष्यांत 13/16 इंच म्हणजे साडेवीस मिलिमीटर असतं, काहींत 3/4 इंच. आपल्या कंपनीच्या पुस्तिकेत असेल ते घ्या. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम.

आता रेस्टची दोरी. लिमवर दिलेला क्लॅम्प किंवा पट्टी लावा, दोरी ओवा. धनुष्य आरामात असताना लाँचर पूर्ण खाली आणि दोरी ताठ हवी. ताठ म्हणजे हातानं दाबली तर थोडी लवेल इतकी. गिटारसारखी वाजायला लागली तर रेस्टच्या आतल्या स्टॉपवर ताण येतो. मग *बाण लावून*, समोर टार्गेट ठेवून, हळू ओढा आणि शेजारी उभ्या माणसाला लाँचर बघायला सांगा. ड्रॉ अर्धा होण्याच्या सुमारास लाँचर वर पोहोचायला हवा. पूर्ण ड्रॉला अजून थरथरत वर येत असेल तर दोरी लांबीनं कमी पडतेय, सैल करा. रिकाम्या धनुष्याची दोरी चुकूनही सोडू नका, लिम फाटतात आणि केबल उडते.

केबलवाला घेतलाच कुणी, तर त्याची घरगुती युक्ती: क्लॅम्प केबलवर अर्धवट आवळा, लाँचर वर ठेवा, दोरी ताठ करा आणि बाण लावून हळू ओढा. केबल खाली जाताना क्लॅम्प तिच्यावर आपोआप घसरत योग्य जागी थांबतो. हळू परत या, तिथं खूण करा, क्लॅम्प आणखी दोन-तीन मिलिमीटर खाली घेऊन पूर्ण आवळा. मग लाँचर शेवटच्या एक-दीड इंचात वर येऊन ठरतो. क्लॅम्प पहिल्यापासूनच करकचून आवळला तर घसरताना केबलचं सर्व्हिंग (वरून गुंडाळलेला दोरा) सोलतो.

दोरीची गाठ मारल्यावर टोक लायटरनं वितळवून बोंड करा. नायलॉनची नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते, तेव्हा शंभरेक बाणांनंतर टायमिंग परत बघायचं.

---

निपाणी_वेन:

यात एक भर घाला. पिसं लाँचरला लागतात की नाही हे डोळ्याला दिसत नाही. लाँचरच्या दोन्ही कडांना आणि शेल्फला लिपस्टिक लावा, जवळून, दोन-तीन मीटरवरून बाण मारा आणि पिसांवर रंग शोधा. पिसाच्या पुढच्या टोकाला रंग लागला तर लाँचर उशिरा पडतोय. नॉकच्या बाजूला लागला तर बहुतेक लाँचर शेल्फवर आपटून परत उसळतोय. शेल्फवर फेल्टचा तुकडा चिकटवला की उसळी मरते. आजकालच्या फोनमध्ये 240 फ्रेमचं स्लो-मोशन असतं, त्यातही लाँचर दिसतो. बाण दोरीवरून सुटायला साधारण 12-15 मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीन-चार फ्रेमच हाती येतात, पण उसळी ओळखायला तेवढ्या पुरतात.

कागदाची चाचणी मग करा. चौकटीला वर्तमानपत्र ताणून, सहा फुटांवरून. पिसांची फाट वर गेली तर रेस्ट वर घ्या किंवा डी-लूप खाली. फाट खाली गेली तर उलट. एका वेळी अर्धा मिलिमीटर. डावी-उजवी फाट दिसली की लगेच रेस्टला हात लावू नका. बहुतेक वेळा तळहात ग्रिपमध्ये खोल गेलेला असतो किंवा स्पाइन जुळत नसतो. ते सोडवून मगच रेस्ट थोडा सरकवा, फाट वाढली तर दुसऱ्या बाजूला.

---

चिकोडी_पाऊसकाळ:

पावसाचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. लाँचरवर आतून फेल्ट चिकटवलेलं असतं. ते भिजलं की फुगतं, बाण पाव-अर्धा मिलिमीटर वर बसतो, आणि एका बाजूनं सुटलं की बाण तिरका. पावसाळ्यात फेल्ट काढून लाँचरच्या दोन्ही बाहूंवर हीट-श्रिंक ट्यूब चढवा, इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. बाण ओढताना थोडा आवाज येईल, पण फुगणार नाही. ट्यूब चढवल्यावर जाडी वाढते, म्हणून उंची पुन्हा मोजा.

रेस्टची दोरी भिजून लांबते असं म्हणतात, ते दोरी कशाची आहे त्यावर. पॉलिएस्टर-स्पेक्ट्राची फारशी हलत नाही, नायलॉनची हलते. बदलायचीच असेल तर 2 मिलिमीटरच्या आसपासची, कमी ताणणारी घ्या. आतल्या बेअरिंगला आणि स्प्रिंगला गंज चढतो. भिजून घरी आलात की फडक्यानं पुसा, पंख्याखाली उघडं ठेवा, फिरणाऱ्या जागी कोरडं सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचं वंगण एक थेंब. शिलाई मशिनचं तेल किंवा ग्रीस नको. त्याला आपल्याकडची तांबडी माती धरते आणि दोन आठवड्यांत लाँचर आळसानं पडायला लागतो, जे तुम्हाला फक्त पिसांच्या कडेवर दिसेल. स्क्रूंना निळं थ्रेड-लॉकर लावा, लाल नको, लाल लावलं की पुढं सुटत नाही.

ब्रशचा रेस्ट फेकू नका. त्याची नवी रिंग मागवा आणि बोल्ट आणि किल्लीसकट पिशवीत ठेवा. जाताना रायझरवर दोन्ही रेस्टच्या जागेच्या बारीक खुणा पेन्सिलीनं केलेल्या असल्या तर शेतात रेस्टची दोरी तुटली तरी पाच मिनिटांत बदलता येतो, साइटची 20 मीटरची पिन मात्र वेगळी येईल, तेवढं टार्गेटवर एकदा बघून लिहून ठेवा.